राठोड मॅडमना न कळलेली पाठ

हिंगोलीहून गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये राठोड मॅडमची जागा ठरलेली असायची. मागच्या बाकावर, अगदी दाराशी. तिथं बसलं की त्यांना उजवा पाय बाहेरच्या फळीवर सरळ सोडता यायचा. तो पाय गुडघ्यात वाकत नसे. जीपवाला माणसावर माणूस कोंबायचा, मांड्यांवर लेकरं, लेकरांच्या मांडीवर पिशव्या, आणि त्या गर्दीतला एखादा नवखा म्हणायचा, "बाई, पाय आत घ्या की जरा."

"आत येत न्हाई तो," मॅडम म्हणायच्या. "कोंबून बघा, तुमची जीप मोडंल."

लोक हसायचे. मॅडम हसत नसत. मांडीवर हात ठेवून त्या मागं पळणाऱ्या रस्त्याकडे बघत राहायच्या.

मी गोरेगावच्या शाळेत मराठी शिकवायचे आणि मॅडम मुलींना शारीरिक शिक्षण. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नोकरीला लागले तेव्हा त्या आधीपासून तिथं होत्या. आम्ही दोघी हिंगोलीत राहायचो, त्यामुळं जाणं-येणं बरोबर. त्या मला 'मराठीवाल्या' म्हणत. "मराठीवाल्या, आज काय शिकवलं?" मी एखादी कविता सांगितली की शांतपणे ऐकत आणि शेवटी विचारत, "याच्यात त्या बाईची मान काहून खाली गेली म्हणता? दुखत असंल." मी म्हणायचे, अहो, लाजेनं. त्या म्हणायच्या, "असंल. पण दुखत बी असंल."

शांता राठोड मूळच्या सेनगावपलीकडच्या एका तांड्यावरच्या. आजोबांनी बैलांवर माल वाहिला, वडील कोरडवाहू जमिनीत रमले, आणि ही पोरगी कबड्डीत निघाली. उंच, हाडापेरानं मोठी, आवाज असा की मैदानाच्या या टोकाहून हाक मारली तर पलीकडच्या रस्त्यावरचा सायकलवाला उतरायचा. बाजाराच्या दिवशी त्यांची आई कधी कधी शाळेत यायची. काचा लावलेली काचोळी, हातभर बांगड्या, डोक्यावर ओढणी. मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसून राहायची. मधल्या सुट्टीत मॅडम "याडी" म्हणून तिच्याजवळ जायच्या, पाय लांब करून बसायच्या, आणि त्यांच्या बोलीत बोलताना त्यांचा तो दणदणीत आवाज एकदम लहान मुलीसारखा बारीक व्हायचा.

पायाची हकीकत त्यांनी मला जीपमध्येच सांगितली. कॉलेजात असताना निवड शिबिरात त्यांचा पाय पुरेसा ताणला जात नाही असं प्रशिक्षकाला वाटलं. त्यानं त्यांची टाच विटेवर ठेवायला लावली आणि मोकळ्या राहिलेल्या गुडघ्यावर स्वतःचा पाय दिला. आत काहीतरी कट्‌दिशी वाजलं. तो म्हणाला, नस मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना खेळायला उतरवलं आणि गुडघा बाजूला गेला. मग प्लास्टर, मग जखडलेला सांधा. नांदेडच्या डॉक्टरांनी टेबलावरचा प्लास्टिकचा गुडघा उचलून दाखवला, आतल्या दोऱ्या दाखवल्या, त्यातली कोणती तुटली ते सांगितलं.

"माझा गुडघा मी तवा पहिल्यांदा पाह्यला," मॅडम म्हणाल्या. "गेल्यावर."

"तुम्हाला त्या प्रशिक्षकाचा राग येत नाही?"

"तो वाईट न्हवता हो. आमच्यासाठी घरून दूध आणायचा. त्याला ठाऊकच न्हवतं, आत काय हाय."

त्यांच्या शिकवण्याचा सगळा कारभार या एका गोष्टीवर उभा होता. पहिल्या दिवशी मुलींना त्या धावायला लावत नसत. रांगेत उभं करायच्या आणि खडू घेऊन त्यांच्या गणवेशावरच हाडं काढायच्या. सलवारीवर मांडीचं लांब हाड, गुडघ्यावर वाटीचा गोल, खाली नडगी. मग एकेकीला पुढं बोलावून विचारायच्या, "हे काय? आन् हे? कुठल्या बाजूला वाकतं? कुठल्या बाजूला वाकत न्हाई?" उत्तर आलं नाही तर ती पोरगी त्या दिवशी बसून राहायची. "आधी नाव, मग वाकव," हे त्यांचं पालुपद. पोरी त्यांच्यामागं त्यांची नक्कल करायच्या, पण घोट्यापासून कमरेपर्यंत सगळं पाठ असायचं.

एकदा एक आई भांडायला आली. रोज पोरीचे कपडे खडूनं माखून येतात, साबण कोण देणार? मॅडमनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "ताई, तुमाला उठताना गुडघा धरून उठावं लागतं का?" मॅडम खाली वाकल्या आणि तिच्या लुगड्यावर, गुडघ्यापाशी, खडूनं गोल काढला. "ही वाटी. ही घासून राहिली. उठताना पाय जरा लांब ठेवा, मग उठा." बाईनं तिथंच करून पाहिलं. जाताना खडूचा तो गोल तिनं झटकला नाही, तसाच घेऊन घरी गेली.

कमरेच्या वर मात्र मॅडमचा खडू अडखळायचा. पाठीवर त्या नुसती एक उभी रेघ ओढायच्या. एखाद्या चुणचुणीत पोरीनं विचारलंच तर सरळ सांगायच्या, "हितलं मला येत न्हाई. मला गुडघ्यानं शिकवलं, तेवढंच येतं."

आमची संस्था दादासाहेबांची होती. गोरेगावची शाळा, तिथलंच मुलांचं वसतिगृह, पुसेगावची एक शाळा, सगळं त्यांच्या हातात. हिंगोलीत बंगला. माणूस गोड. कधी आवाज चढवला नाही, कुणाला शिवी दिली नाही. एका वर्षी प्रजासत्ताकदिनाला मुलींचा मनोरा करा असं त्यांनी सुचवलं. पाहुणे येणार होते. मॅडम म्हणाल्या, खालच्या पोरींच्या मानेवर वजन येतं, मला ते करायचं नाही, मी लेझीम बसवते. दादासाहेब हसून म्हणाले, "बराबर आहे तुमचं. लेझीम बसवा." आणि उठता उठता विचारलं, "प्रकाशराव बरे आहेत ना हॉस्टेलात?"

प्रकाशराव म्हणजे मॅडमचे यजमान. वसतिगृहाचं स्वयंपाकघर सांभाळायचे. नवरा-बायको दोघांची भाकरी एकाच माणसाच्या हातात होती, आणि तो माणूस याची आठवण चौकशी केल्यासारखी करून द्यायचा. त्या दिवशी जीपमध्ये मॅडम रस्त्याकडं बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मराठीवाल्या, 'बरे आहेत ना' याचा अर्थ काय हो तुमच्या मराठीत?"

हिंगोली जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. नवी कार्यालयं आली, साहेब आले, साहेबांच्या बायका आल्या. दादासाहेबांची धाकटी सून अश्विनी पुण्याची. तिनं बंगल्याच्या हॉलमध्ये बायकांसाठी व्यायामाचा वर्ग काढायचं ठरवलं. पुण्याला थोड्या दिवसांचं एक शिबिर करून ती 'पिलाटेस' शिकून आली होती. जमिनीवर चटई टाकून करायचे सावकाश, श्वासावर चालणारे प्रकार. बरोबर सीडी आणली होती, तिच्यात एक गोरी बाई पाण्यासारखी वळायची. बायकांनी त्याचं 'पिलाटी' करून टाकलं. वर्ग फार भरला. हळदीच्या आडत्यांच्या घरच्या, शिक्षिका, बँकेतल्या, सगळ्या सकाळी चटई बगलेत मारून निघाल्या. मीही जायचे.

अश्विनीला एकटीनं ते झेपेना. दादासाहेबांनी राठोड मॅडमना बोलावून घेतलं. शाळेआधी सकाळी वर्ग घ्यायचा.

मॅडमना तो प्रकार आवडला होता, हे मला माहीत आहे. सीडी बघताना त्या पुढं सरकून बसल्या होत्या. "बाई घाई करून न्हाई राहिली," म्हणाल्या. "सगळं आतून करून राहिली." पण शिकवायचं म्हटल्यावर त्यांनी अश्विनीला विचारलं, "वहिनी, शिबिरात हाडांचं काय शिकवलं?"

"हाडांचं असं नाही," अश्विनी म्हणाली. "प्रकार शिकवले. क्रम शिकवला. श्वास कुठं घ्यायचा ते." मग प्रामाणिकपणे म्हणाली, "मीही विचारलं होतं. ते म्हणाले, पुढच्या कोर्सात."

मॅडम दादासाहेबांकडं गेल्या. मला आधी कुठं तरी नीट शिकायला पाठवा, मग मी वर्ग घेते, म्हणाल्या. मला पाठीचं काही कळत नाही, आणि हे सगळं पाठीचंच आहे.

"शिकायचं काय त्यात मॅडम? तुम्ही तर खेळाडू. हात-पाय हलवायचे, श्वास घ्यायचा. आपल्या बायकांना काय ऑलिंपिकला जायचंय?"

"कुणाला लागलं तर?"

"तुमच्यासारखी बाई समोर असताना कुणाला लागेल?" ते म्हणाले, आणि हॉस्टेलची चौकशी केली.

तर मॅडम वर्ग घेऊ लागल्या. चांगला घ्यायच्या. गुडघेदुखीवाल्यांना त्यांनी इतकं नीट सांभाळलं की बायका अश्विनीला सोडून त्यांच्या रांगेत चटई टाकायला लागल्या. पण त्या सैल झाल्याचं मी कधी पाहिलं नाही. एखादी पाठीवर झोपून वर उठायला लागली की मॅडम तिच्या बाजूला उभ्या राहून तिच्याकडं अशा बघायच्या, जसं आपण बंद दारामागं कुणी बोलत असलं की कान देतो.

त्या वर्गात कौसल्याकाकू यायच्या. हळदीचे आडते विनायकराव, त्यांची आई. सत्तरीच्या आसपास, हलक्या, हसऱ्या, पाठीला थोडा पोक. "माझी उंची गेली बघ शांता," म्हणायच्या. "लुगडं जमिनीला लागतं आता. मला सरळ कर." मॅडमवर त्यांचा फार जीव. घरून डब्यात काहीबाही आणायच्या.

एक प्रकार होता. उताणं झोपायचं, हनुवटी छातीकडं आणायची आणि पाठ एकेक मणका सोडवत वर उठून पुढं पायांकडं वाकायचं. काकूंना तो जमत नव्हता आणि जमवायचाच होता. "सगळ्या करतात, मीच राहिले." मॅडम म्हणाल्या, राहू द्या. काकू म्हणाल्या, तू हात दे.

मॅडमनी हात दिला. मानेखाली एक, पाठीमागं एक. मी शेजारच्या चटईवर होते. काकू वर आल्या, पुढं वाकल्या, बायकांनी टाळ्या वाजवल्या, आणि काकू अगदी हळू म्हणाल्या, "आई गं." एवढंच. तोंडावर हसू तसंच होतं. मॅडमचा हात जिथं होता तिथंच राहिला.

"काय झालं?"

"काही नाही गं. कळ आली. जाईल."

अश्विनीनं गाडीतून त्यांना घरी सोडलं. दुपारपर्यंत काकूंना कुशीवर वळता येईना. नांदेडला नेऊन फोटो काढला तेव्हा कळलं की पाठीच्या मधल्या भागातला एक मणका पुढच्या बाजूनं दबून चपटा झाला आहे.

मॅडम दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांना बघायला गेल्या, ते स्वतःचं सगळं सांगून टाकायच्या तयारीनं. पण पहिल्याच दुपारी, विनायकराव मोंढ्याच्या बाजारात असताना, दादासाहेब येऊन काकूंच्या उशाशी बसून गेले होते. काकूंनी मॅडमचा हात धरून कानाशी सांगितलं, "घरी आल्यावर मी न्हाणीत घसरले म्हणून सांगितलंय सगळ्यांना. तुझं नाव निघू दिलं नाही. दादासाहेब म्हणाले, नाव निघालं तर तुमच्या दोघांची नोकरी जाईल. माझ्या हाडांपायी तुझी लेकरं उपाशी कशाला?" आणि कळ सोसत त्या हसल्या. आपण कुणाचं तरी भलं केलं, याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं.

मॅडम सांगायला आणलेलं तसंच घेऊन परतल्या.

इथून पुढचे काही महिने मी त्यांना रोज जीपमध्ये पाहिलं. त्या खाईनाशा झाल्या. काकूंकडं दर रविवारी जायच्या आणि सोमवारी मला सांगायच्या. पट्टा बांधलाय. उठवून बसवलं. चार पावलं चालवलं. आणि मग एका सोमवारी म्हणाल्या, "मराठीवाल्या, त्या घरात एक सून हाय."

सुनंदा तिचं नाव, विनायकरावांची बायको. न्हाणी ती धुवायची. आई न्हाणीत घसरली म्हटल्यावर विनायकरावांनी पहिला प्रश्न विचारला तो, फरशीवर साबण कुणी सोडला? घरात, पाहुण्यांत, शेजारीपाजारी, सगळीकडं तेच झालं. सासूला अंथरुणाला खिळवलं हिनं. विनायकराव आईच्या अंगाला तिला हात लावू देत नव्हते, एक बाई ठेवली होती. आणि सुनंदा दिवसातून कितीदा तरी जाऊन ती न्हाणी कोरड्या फडक्यानं पुसायची.

"मी तिला म्हणलं, ताई, तुमची चूक नसंल. तर ती काय म्हणाली ठाऊक हाय? म्हणाली, न्हाई मॅडम, मला आठवतं ना, त्या दिवशी मी घाईत होते. मीच नीट पुसलं नसंल." मॅडमनी फळीवरच्या पायाकडं बघितलं. "तिला आता तसं आठवायला लागलंय. जे झालंच न्हाई ते."

"सांगून टाका," मी म्हणाले.

"कसं सांगू? बोला ना. कसं सांगू?"

त्या दादासाहेबांकडं गेल्याच होत्या. त्यांनी नेहमीच्या शांतपणे ऐकून घेतलं होतं. "सांगा की. तुम्हाला कोण अडवतंय?" म्हणाले. "पण मॅडम, मग काकू खोट्या पडतील. तुम्हाला वाचवायला ती म्हातारी पोटच्या मुलाशी खोटं बोलली. आता तिला तोंडघशी पाडणार? बघा बुवा. तुमच्या मनाला पटत असेल तर सांगा." घरी प्रकाशराव म्हणाले होते, "म्हातारीची तक्रार न्हाई, मालकाची तक्रार न्हाई, मग तुलाच काहून तकलीफ? लेकरांची शाळा होऊ दे." आणि सकाळचा वर्ग चालूच होता. अश्विनी घाबरून बाजूला झाली होती, दादासाहेबांनी बंद करू दिला नाही. बंद केला तर लोक विचारतील. मॅडम आता बायकांना फक्त हात वर-खाली करायला लावायच्या. एखादीनं पुढं वाकायचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर घाम यायचा.

"कुठंबी हात लावला की वाटतं, हितं आत काय हाय?" त्या म्हणाल्या. "पोरींनाबी हात लावत न्हाई मी आता."

संक्रांतीनंतरच्या एका रविवारी मी त्यांच्याबरोबर काकूंकडं गेले. काकू पलंगावर पट्टा बांधून टेकून बसल्या होत्या, आधीपेक्षा कितीतरी लहान दिसत होत्या. सुनंदा चहा घेऊन आली. विनायकराव सहज, चेष्टेच्या सुरात म्हणाले, "मॅडम, तुम्ही एवढ्या शिस्तीच्या. आमच्या घरातल्या माणसाला जरा फरशी पुसायला शिकवा."

सुनंदा खाली बघून कप ठेवत होती. मॅडमनी आपला कप परत ट्रेमध्ये ठेवला. खुर्चीवरून उठायला त्यांना नेहमी वेळ लागायचा, तसा लागला. उभं राहून म्हणाल्या, "विनायकराव, फरशी पुसलेली होती. काकू न्हाणीत पडल्याच न्हाईत."

"शांता, गप बस," काकू म्हणाल्या.

"त्या वर्गात होत्या. मी त्यांना झोपल्या जागेवरनं उठवलं. माझा एक हात त्यांच्या मानेखाली होता, एक पाठीला. मी त्यांना पुढं वाकवलं आन् त्यांचा मणका गेला. मला पाठीचं ठाऊक न्हवतं, तरी मी हात लावला. त्या माझ्यासाठी खोटं बोलल्या."

विनायकराव आईकडं वळले. "आई?"

काकूंनी डोळे मिटले होते. "बोलले," म्हणाल्या. "शांताला पोरंबाळं आहेत."

सुनंदा हातात तोच ट्रे घेऊन उभी होती. ती रडेल असं मला वाटलं, किंवा मॅडमचे हात धरेल. ती म्हणाली, "म्हणजे मी पुसलं होतं."

"व्हय ताई."

"आणि तुम्हाला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

मॅडमनी मान डोलावली. सुनंदा आत निघून गेली. विनायकराव दरवाज्यापर्यंत आले आणि हात जोडून म्हणाले, यापुढं आमच्याकडं येऊ नका. मागून काकू "शांता, शांता" म्हणत होत्या. मॅडम वळल्या नाहीत. जिन्याच्या पायऱ्या त्या एकेक करून, सरळ पाय आधी टाकत, उतरल्या.

पुढचं फार गाजावाजा न होता झालं. नव्या शालेय वर्षात प्रकाशरावांना वसतिगृहातून कमी केलं. मॅडमची नोकरी कायम होती, ती काढून घेता आली नाही, पण त्यांची बदली संस्थेच्या पुसेगावच्या शाळेवर झाली. तिथं मैदान नव्हतं. त्यांना चित्रकलेचे आणि कार्यानुभवाचे तास दिले. भिंतीकडं तोंड करून मुलं कागदाची फुलं करायची आणि मॅडम खिडकीशी उभ्या राहायच्या. प्रकाशराव पुण्याला वॉचमन म्हणून गेले. जाताना बायकोशी बोलले नाहीत, आणि पुढंही फोन आला तर मुलांसाठी यायचा. तांड्यावर मॅडमच्या भावानं विचारलं, एवढं खरं बोलून काय मिळवलंस? हे सगळं मला तुकड्यातुकड्यांनी कळायचं. आता आमच्या जीपा वेगळ्या झाल्या होत्या.

अश्विनीनं मात्र एक केलं. ती स्वतः मॅडमच्या खोलीवर आली आणि नांदेडच्या एका फिजिओथेरपिस्ट डॉक्टरबाईंचं नाव देऊन गेली. "त्या शिकवतील म्हणाल्या. मीही जाणार आहे. आधी शिकायला पाहिजे होतं, मॅडम. आपण दोघींनी." वर्ग तिनं सासऱ्याशी भांडून बंद केला होता. काही दिवस ती खरोखर गेलीही. मग तिला दिवस गेले आणि तिचं जाणं थांबलं. मॅडम जात राहिल्या. रविवारी, एसटीनं, दाराजवळच्या सीटवर.

माझ्या यजमानांची लातूरला बदली झाली. निघण्याआधीच्या रविवारी मी मॅडमबरोबर नांदेडला गेले. एसटीत न राहवून विचारलं, "आता याचा उपयोग काय? वर्ग नाही, मैदान नाही. दादासाहेब तुम्हाला परत कुठं शिकवू देणार नाहीत."

"न्हाई देणार."

"मग?"

"काकूला काय झालं ते मला अजून कळलं न्हाई," मॅडम म्हणाल्या. "माझ्या हातून झालं, आन् काय झालं तेच ठाऊक न्हाई. तेवढं तरी कळू द्या."

डॉक्टरबाईंची खोली लहान होती. कोपऱ्यात टेबल, भिंतीवर नकाशे. त्या माझ्याहूनही वयानं लहान असतील. त्यांनी खोक्यातून एक मणका काढला. खराखुरा, पिवळट, बाजूंना पंख फुटल्यासारखा. मॅडमच्या हातावर ठेवला. "याच्या आत जाळी असते," त्या म्हणाल्या. "मधाच्या पोळ्यासारखी. वय झालं की, बायकांची विशेषतः, ती जाळी विरळ होते. वरून काही दिसत नाही. आणि आपण पुढं वाकलो की सगळा भार या पुढच्या कडेवर येतो. बघा, इथं."

मॅडमनी अंगठा त्या कडेवर फिरवला.

"ज्यांची उंची कमी झालीय, पोक आलंय, त्यांना असं वाकवायचंच नसतं. व्यायाम वाईट नाही. त्याच वर्गात त्यांना पालथं झोपवून हळूहळू छाती उचलायला शिकवलं असतं, तर त्यांना फायदाच झाला असता."

"त्याच वर्गात," मॅडम म्हणाल्या.

"हो. कुणाला काय द्यायचं ते आधी कळायला पाहिजे, एवढंच."

मला वाटलं, हे त्या बाईंनी सांगायला नको होतं. मॅडमनी मणका उलटून पाहिला. जरा वेळानं विचारलं, "हे कुणाचं हाय?"

"कुणाचं ते माहीत नाही. बाईचं असावं. म्हाताऱ्या बाईचं. बघा ना, किती हलकं आहे."

डॉक्टरबाई नकाशाकडं वळून पुढचं सांगू लागल्या. मॅडम ऐकत होत्या, मान हलवत होत्या, पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते आणि त्या हातांच्या ओंजळीत तो मणका. तो सरळ पाय टेबलाखाली मावत नव्हता म्हणून त्या तिरप्या बसल्या होत्या. बाहेर पेशंट जमायला लागले. डॉक्टरबाईंनी घड्याळ पाहिलं, खोकं पुढं ओढलं आणि मणका घ्यायला हात केला. मॅडमना तो हात दिसला नाही. डॉक्टरबाई थोडा वेळ थांबल्या आणि "मॅडम" म्हणाल्या.

मॅडमनी मान वर केली. मणका सावकाश डॉक्टरबाईंच्या तळहातावर ठेवला, आणि ठेवल्यावरही आपला हात त्यांच्या हाताखाली धरून ठेवला.

"पुढच्या रविवारी," त्या म्हणाल्या, "याच्याखालचा दाखवताल का?"